हिमकन्येचा सत्कार

बोल्डरिंग म्हणजे दोर न लावता मोठ्या दगडावर चढणं. दगड फार उंच नसतो, आणि पडलंच तर खाली जाड गादी असते. एवढी दोन वाक्यं मी आईला वेळेवर सांगितली असती, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मी तिला नुसतं म्हटलं, "हिमालयात चढाईला जातेय."

तिने नाही म्हटलं नाही. मला वाटलं, सुटले.

जाणाऱ्या आम्ही तिघी, तारापूरच्या कंपनीत एकाच लॅबमध्ये. तिकडचा बर्फ वितळून दगड कोरडे होतात ते उन्हाळ्यातले थोडेच आठवडे, आणि नेमकी तेव्हाच तिघींनी एकदम रजा मागायची, म्हणजे साहेबांच्या हातापाया पडणं आलं. गादी बोईसरच्या गादीवाल्याकडून शिवून घेतली. पहाडावर न्यायची आहे म्हटल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "मॅडम, ऊपर जाके सोना है क्या?" गादी घरी आणली तेव्हा आईचाही तोच समज झाला.

त्या दिवसांत आई रोज माझ्या आवडीचं करत होती. भरली वांगी, पुरणपोळ्या, खरवससुद्धा. मी हादडत होते. ती खुशीत आहे असंच मला वाटलं, कारण बातमी तिने अख्ख्या बिल्डिंगला दिली होती. सेक्रेटरींनी तर सत्काराचा घाट घातला. पार्किंगमध्ये बॅनर लागला, 'सोसायटीची हिमकन्या'. बर्फाचं शिखर आणि त्यावर माझा आधार कार्डावरचा फोटो. बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाल-नारळ झाल्यावर सेक्रेटरींनी माइक पुढे केला. "शिखराची उंची सांगा, ताई."

समोर आई बसली होती. बिल्डिंगमधली तिची सगळी ऐट आता माझ्या उत्तरावर होती. एखादी थाप मारावी असं फार वाटलं. पण लॅबमधल्या दोघी पहिल्याच रांगेत तोंडाला ओढणी लावून हसत होत्या.

"शिखर नाही, दगड आहे," मी म्हटलं. "पहिल्या मजल्याच्या गॅलरीएवढा."

एडवणहून मासे विकायला येणाऱ्या मावशी पाटी उतरवून सत्कार बघत थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढा दगड त आमच्याकडं पण हाय. एवढ्या लांब कशाला जाते?" मग जो हशा पिकला, तो थांबेना.

आई उठून तरातरा पुढे आली. शाल काढून घेते की काय, असं वाटलं.

"आणि पडलीस तर?"

"गादीवर पडेन. ती त्यासाठीच आहे."

"मरत नाही ना माणूस?"

"फार तर पाय मुरगळतो गं."

तिचे डोळे भरून आले. इतके दिवस ही भीती पोटात ठेवून ती मला खाऊ घालत होती, हे मला तेव्हा कळलं आणि स्वतःची फार लाज वाटली. तिने माझ्या हातातला माइक ओढून घेतला.

"हसा पोटभर," ती सगळ्यांना म्हणाली. "माझी पोरगी परत येणार आहे."