गोलपोस्टमागची माणसं

चेंडू बाहेर गेला होता. मी डाव्या खांबापासून सहा पावलांवर उभा होतो, मध्ये कोणी नव्हतं आणि फक्कीची रेघ त्याच दुपारी मारलेली होती. चेंडू खांबाच्या बाहेरून, वीतभर अंतरानं गेला आणि रेघ ओलांडून मागं आला. हे मी तेव्हा छापून आणू शकलो नाही. आता दोन वर्षांनी लिहितो आहे, पण ज्याला त्याचा उपयोग होता त्याला आता नाही.

उमरग्यात कॉलेजं एकापेक्षा जास्त आहेत. हे त्यातलं कोणतं, ते सांगत नाही. त्यातली माणसं अजून रोज भेटतात. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पहिल्या सामन्याच्या दहा ओळी माझ्याकडून जात. त्या वर्षी पहिला सामना मुरुमकडच्या एका कॉलेजाशी होता.

मैदान काळ्या मातीचं, वाळल्यावर विटेसारखं कडक. गोलपोस्टना जाळ्या नाहीत. उत्तरेच्या गोलमागं दहा-बारा पावलांवर वेडी बाभूळ माजलेली, आणि तिचा काटा चेंडूला लागला की त्या दिवसाचा खेळ संपला. कॉलेजकडे चेंडू दोनच. म्हणून वर्षानुवर्षांचा रिवाज असा, की गावातले जुने शौकीन उत्तरेच्या गोलमागं ओळीनं उभे राहायचे आणि आलेला चेंडू पायानं अडवून आत परत द्यायचे. त्या ओळीत जागा मिळणं हा मान होता. मधोमध उभे राहत ते हायवेवर टायरचं दुकान असलेले गृहस्थ. गाव त्यांना उस्ताद म्हणे. ते स्वतः कधीकाळी या कॉलेजाकडून खेळलेले. फुटबॉलचं पंक्चर तेच काढून देत, आणि त्या वर्षीच्या जर्सीही त्यांनीच दिल्या होत्या.

आमच्या गोलकीपरचं ते शेवटचं वर्ष. गाव बारा किलोमीटरवर, घरची शेती. सामना संपला की तो जर्सी न बदलता एसटी स्टँडकडे पळायचा, कारण त्याच्या गावाकडं जाणारी बस तेवढीच उरलेली असायची. विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीला प्रत्येक कॉलेजानं दोन नावं पाठवायची होती. आधीच्या दोन्ही वर्षी त्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ असं सांगितलं गेलं होतं. या वेळी खेळाच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिला सामना बघून नावं देणार. याला पुढचं वर्ष नव्हतं.

पहिल्या अर्ध्यात त्यानं दोन चेंडू असे काढले की मुरुमहून आलेल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. दुसरा अर्धा संपायला थोडा वेळ होता, गोल कोणाचाच नव्हता. मुरुमच्या एका खेळाडूनं लांबून मारलेला चेंडू खांबाबाहेरून गेला. गोलकीपरनं तो जाताना बघितला, आता गोलकिक घ्यायची म्हणून वळला, आणि आपल्या पोरांना हातानं पुढं जायची खूण केली. त्याच क्षणी उस्तादांनी चेंडू आत मारला, रोजच्या सवयीनं. चेंडू घरंगळत गोलसमोर आला. मुरुमच्या पुढच्या खेळाडूनं रेफ्रीकडे बघितलं. रेफ्री मध्यरेषेवर, मावळतीचं ऊन त्याच्या डोळ्यात. झेंडा घेऊन उभा असलेला विद्यार्थी कोणाशी तरी बोलत होता. शिट्टी वाजली नाही. खेळाडूनं पाय लावला. रेफ्रीनं सेंटरकडे हात केला, म्हणजे गोल दिला.

गोलकीपर धावत गेला.

“सर, बॉल बाहेर गेलता. मागनं आत दिला त्यांनी.”

“शिट्टी वाजली होती का?”

“न्हाय सर, पण...”

“मग खेळ चालू होता.”

गोलमागं त्या वेळी पंधरा-वीस माणसं उभी होती. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यात मीही होतो. वार्ताहरानं मैदानात बोलायचं नसतं, असं मला शिकवलं होतं आणि ते मी पाळलं. सामना एक-शून्य असा गेला. गोलकीपर बसकडे पळाला.

गाव मैदानासमोरच्या चहाच्या हॉटेलात जमलं. हंगामाच्या पहिल्या सामन्यानंतर दोन्ही संघांचा हिशोब तिथं लागायचा, आणि तो वर्षभर टिकायचा. तिथं ज्याला कच्चा म्हटलं तो कच्चा. मी कोपऱ्यात बसून फोनवर बातमी टाइप करत होतो.

“मुरुमचा डावा बॅक बघितला का? माणूस हाय का बैल?” कोणीतरी सुरुवात केली.

“बैल परवडला. बैल वळतो तरी,” चाचा म्हणाले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि गावातल्या अर्ध्या टोपणनावांचे जनक तेच.

गणिताचे निवृत्त शिक्षक बशीत चहा ओतत म्हणाले, “त्यांचं मधलं चांगलं हाय. तिघं एकमेकाला बघून खेळतेत. आपल्याकडं अकरा जणांच्या अकरा मॅची चालल्या होत्या.”

“अकरा कुठं गुरुजी, दहा,” चाचा म्हणाले. “अकरावा पाव्हणा हाय. पाठ फिरवून हवा बघत होता. म्हनलं, पाव्हणं, च्या घेऊनच जावा, तवर गोल झाला.”

हॉटेल हसलं. पाव्हणा हे नाव तिथं पडलं. बस तेव्हा निम्म्या वाटेवर असेल.

“पण मुरुमचे मागनं दमत्यात,” एकजण म्हणाला. “शेवटची दहा मिनिटं बघितली का, जीभ बाहेर आलती समद्यांची. हंगाम काढणार न्हाईत.”

“आपला तरी कुठं काढतो? उजवी बाजू बरी हाय, पण गोलात माणूस नगं का?” गुरुजी म्हणाले. “उस्ताद, तुमी जवळ होता. तुमचं काय म्हणणं?”

उस्ताद गंभीरपणे म्हणाले, “लक्ष न्हाय. आमच्या टायमाला शिट्टी वाजेपर्यंत डोळा हलत नव्हता. ह्या पोराला चाचणीला पाठवलं तर गावाची शोभा हुईल.”

मी फोन खाली ठेवला. “उस्ताद, चेंडू बाहेर गेला होता. तुम्हीच आत मारलात.”

ते नाकारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नाकारलं नाही.

“मारला की. पायाशी आला, मारला. इतकी वर्षं मारतोय. काट्यात जाऊ द्यायचा होता का?”

“पण त्यामुळंच गोल झाला.”

“त्यामुळं कसा? त्यानं बघाय नगं? दारात कोण आलं, कोण गेलं, राखणीला बसलेल्याला कळाय नगं?”

“मुद्दा बरोबर हाय,” गुरुजी म्हणाले.

“साहेब,” चाचा माझ्याकडे वळले, “तुमच्या पेपरात छापून आणा बाहेर गेलता म्हणून. मग आमी मानू.”

पुन्हा हसणं. त्या संध्याकाळी तासभर दोन्ही संघांतला एकेक खेळाडू तपासला गेला. कोणाचा दम कमी, कोणाचा डावा पाय आंधळा, कोण बापाच्या ओळखीवर संघात आहे. रेघेमागं जो तिसरा संघ उभा होता, त्याच्याबद्दल एक वाक्य निघालं नाही.

मी बातमी पाठवली. त्यात फक्त निकाल होता, गोल करणाऱ्याचा क्रमांक होता, आणि आमच्या गोलकीपरनं पहिल्या अर्ध्यात दोन चेंडू अडवल्याचं लिहिलं होतं. चेंडू बाहेर गेल्याचं लिहिलं नाही. रेफ्रीचा निर्णय हीच बातमी, वार्ताहराचा डोळा ही बातमी नव्हे, हाही शिकवलेला नियम. नियम चुकीचा नाही. पण त्या दिवशी तो मला सोयीचा होता, हे इथं नोंदवायला हवं.

सकाळी अंक उघडला. दोन चेंडू अडवल्याची ओळ उडवली होती. निकालाच्या वाक्यात चार शब्द वाढले होते: ‘गोलरक्षकाच्या ढिलाईचा फायदा घेत’. मी पेपरच्या डेस्कला फोन केला.

“हे शब्द कुठून आले?”

“तुमच्या गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय की. गोलकीपर पाठ करून उभा आहे,” उपसंपादक म्हणाला. “तुमची कॉपी फार कोरडी होती. जरा जान आणली.”

व्हिडिओ मीही बघितला. नऊ सेकंदांचा. गोलकीपर पाठ करून पोरांना खूण करतो आहे आणि चेंडू घरंगळत गोलसमोर येतो आहे, तिथून तो सुरू होतो. त्याआधीचे दोन सेकंद, ज्यात उस्तादांचा पाय आहे, त्यात नाहीत. घेणाऱ्याला सुरुवातीला उशीर झाला की नंतर कापलं, ते मला कळलं नाही. कोणी विचारलंही नाही.

दुपारी टायरच्या दुकानावर अंकाचं ते पान फळीवर लावलेलं होतं. “पेपरातबी आलंय,” उस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

सोमवारी गोलकीपर माझ्याकडे आला. बसला नाही. पानाची घडी हातात होती.

“सर, हे तुमी लिहिलं?”

“नाही. डेस्कनं घातलं.”

“तुमी तिथंच उभा होता की.”

“होतो.”

“मग बॉल बाहेर होता का आत?”

“बाहेर होता.”

त्यानं पानाची घडी माझ्यासमोर ठेवली. “मग तेवढं खेळाच्या सरांना सांगा. मी सांगितलं तर म्हणतेत, हरल्यावर समदेच असं सांगतेत.”

मी सरांकडे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि दार लोटून घेतलं.

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पोरांनी सांगितलं. मलाही तो खेळाडू म्हणून पसंत आहे.”

“मग नाव द्या.”

“जर्सी उस्तादांनी दिल्यात. ते कालच येऊन गेले, ‘सर, पाव्हण्याला पाठवू नका’ म्हणाले. ते मी ऐकलं नसतं. पण प्राचार्यांच्या टेबलावर तुमचा पेपर आहे. ढिलाई लिहिलंय. मी नाव दिलं तर विचारतील, पेपरवाले खोटं लिहितात का? काय सांगू?” त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “खुलासा छापून आणा. शुक्रवारी यादी जाते. तोवर आला तर नाव घालतो.”

मी पुन्हा डेस्कला फोन केला. दोन ओळी मागितल्या. बघतो म्हणाले. बुधवारी आल्या नाहीत, गुरुवारी आल्या नाहीत. कॉलेजाच्या मॅचच्या खुलाशाला पान कुठून आणायचं, असं शेवटी स्पष्ट उत्तर आलं. चार शब्द घालायला पान होतं, दोन ओळी छापायला नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी साध्या कागदावर लिहून सही करून सरांना दिलं: मी कुठं उभा होतो, किती पावलांवर, काय बघितलं. त्यांनी तो कागद फाइलला लावला. फार नीट लावला.

यादी दुपारी फलकावर लागली. एक नाव उजव्या विंगरचं. दुसरं राखीव गोलकीपरचं, जो त्या सामन्यात मैदानात उतरलाच नव्हता. न खेळल्यामुळं त्याची चूक कोणी बघितली नव्हती, एवढीच त्याची कामगिरी. हॉटेलात मात्र यादीचं कौतुक झालं. सरांना माणसं कळतात, असं गुरुजी म्हणाले.

दुसरा सामना लोहाऱ्याकडच्या संघाशी होता. राखीव गोलकीपर चाचणीला गेलेला, त्यामुळं गोलात पुन्हा हाच. उत्तरेच्या गोलमागं तीच ओळ, मधोमध उस्ताद. फरक एवढाच की ओळीतून आता “पाव्हणं, लक्ष असू द्या”, “पाव्हणं, पाणी पाहिजे का?” असं अधूनमधून चालू होतं. तो मागं बघत नव्हता.

पाऊण तासानंतर एक चेंडू खांबाबाहेरून गेला. या वेळी वीतभर नाही, चांगला दोन हात. शंकेला जागाच नव्हती. उस्तादांनी तो पायानं अडवला आणि आत मारला. मुरुमच्या सामन्यानंतरही त्यांच्या पायाची सवय तसूभर बदललेली नव्हती, कारण ती बदलावी असं त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं.

गोलकीपरनं उडी टाकली. त्या कडक मातीवर, खेळाबाहेर गेलेल्या चेंडूवर, दोन्ही हात पसरून. चेंडू छातीशी घेऊन तो घसरत गेला. मग रेफ्रीची शिट्टी वाजली. गोलकिक.

गोलमागून टाळ्या झाल्या.

“बघा, बघा,” चाचा म्हणाले, “पाव्हणा घरचा झाला.”

उस्ताद माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं, हे मला सर्वांत जास्त लागलं. “बघितलं का साहेब? बोललं की सुधारतं. तुमी त्या दिवशी माझ्यावरच घसरला होता.”

“चेंडू आताही बाहेर होता, उस्ताद.”

“असू द्या की. पोरगं शिकलं का न्हाय, ते बघा.”

मी वहीत वेळ लिहिली आणि पुढं लिहिलं: चेंडू बाहेर, दोन हात. रेफ्रीनं या वेळी तेच ठरवलं होतं, त्यामुळं नियमाची अडचण नव्हती. मी ती ओळ बातमीत पाठवली. छापून आली नाही.

सामना संपल्यावर तो खांबाला टेकून कोपरावर पाणी ओतत होता. मनगटापासून कोपरापर्यंत साल निघालेलं, त्यात काळी माती. बसची वेळ होत आली होती.

“बाहेर होता ना?” मी विचारलं.

“व्हय सर. लांब बाहेर होता.”

“मग कशाला टाकलीस उडी?”

त्यानं बाटली पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि स्टँडकडे बघितलं.

“शिट्टी वाजली नव्हती, सर.”