अप्पांचा खवल्या

कारखाना बंद पडला आणि अप्पांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती आमची," एवढंच ते म्हणाले. मग तारनाक्याच्या आमच्या घरात त्यांचं बोलणंच आटलं. जन्मभर गेटवर पहारा केलेला माणूस खुर्चीत बसून बंद टीव्हीकडे बघायचा. आई रडून रडून थकली. मला तर रडूही येत नव्हतं. दाढ काढल्यावर गाल होतो तशी मी आतून बधिर झाले होते.

त्याच सुमारास माझा आत्तेभाऊ सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याहून आमच्याकडे राहायला आला. त्याच्याजवळ एक खेळ होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि पुढचं फाशांवर सोडायचं. अप्पांना यात ओढायचंच, असं मी मनावर घेतलं. त्यांच्यासाठी शाडूचा मांजराएवढा ड्रॅगन केला. अंगावर चिलखत म्हणून सीताफळाच्या काळ्या बिया खोचल्या. काम काय, तर गुहेच्या तोंडाशी बसून खजिना राखायचा. नाव ठेवलं खवल्या.

अप्पा खेळायला बसले, हेच आक्रीत.

"मामा, चोर आलेत. खवल्या काय करतो?" भावाने विचारलं.

"गेटपास विचारतो."

"अहो, आग ओकता येते त्याला!"

"नक्को. वरून ऑर्डर कुठाय तशी?"

भाऊ पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. रोज संध्याकाळी हेच. खवल्याला पंख होते, पण अप्पांचा खवल्या ढिम्म हलायचा नाही. मला त्यांची चीड यायची. एकदा तरी उडा ना, खोटंखोटं तरी, असं ओरडावंसं वाटायचं.

शेवटी भावालाही कंटाळा आला. "मामा, चोरांनी मागून भुयार खणलं. खजिना गेला. संपला खेळ."

अप्पांनी खवल्या उचलून हातात घेतला. "ह्याला कुणी सांगितलं का?"

"कुणाला, खवल्याला?" भाऊ गोंधळला. "नाही. तो पुढच्या बाजूला बसलाय ना, त्याला कसं कळणार?"

"सांगायला पाहिजे होतं," अप्पा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "कारखाना बंद व्हायलाय म्हणून मला समोरच्या चहावाल्यानं सांगितलं. मी गेटवरच होतो."