क्लासमध्ये झालंच असेल

अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं की अजूनही कुणी तसं काही बोललं की माझं डोकं फिरतं. फिजिक्सचे सर वर्गात यायचे, फळ्यावर धड्याचं नाव लिहायचे आणि हात झटकत म्हणायचे, "हे क्लासमध्ये झालंच असेल तुमचं." मग खुर्चीत बसून मोबाइल काढायचे.

तुमचं म्हणजे कुणाचं? वर्ग भरलेला होता तो कागदावर. बाकांवर आम्ही दोघीच असायचो. बाकीची मुलं सकाळपासून शांती नगरातल्या एका मोठ्या क्लासमध्ये एसीत बसून शिकायची आणि कॉलेजात तोंड दाखवायची ती प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला. कॉलेजचं आणि क्लासचं तसं ठरलेलंच होतं. यात लपवण्यासारखं काही आहे असंही कुणाला वाटत नव्हतं. अ‍ॅडमिशनच्या वेळी खिडकीतल्या बाईंनी सरळ विचारलं होतं, "क्लासवाली की साधी?" मी साधी.

साधी, कारण परळच्या चाळीतली खोली सोडून आम्ही नुकतेच लांब उपनगरात, जेसल पार्कातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मुलीच्या शिक्षणासाठी जातोय, असं आईने चाळीत सगळ्यांना सांगितलं होतं. घराचा हप्ता आणि क्लासची फी एकाच पगारात बसत नाहीत, हे बाबांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. ते एवढंच म्हणायचे, "कॉलेज आहे ना? शिकवायलाच असतं ना ते?" मला इंजिनीअरिंगला जायचं होतं आणि त्यासाठी फिजिक्स यायला हवं होतं. माझी मागणी काही फार मोठी नव्हती. ज्याने शिकवायचं त्याने शिकवावं, एवढीच होती.

दुसरी साधी मुलगी चेण्याची, शहराबाहेरच्या गावातली. घोडबंदर रोडवर येऊन बसची वाट बघायची, मग पुढे दुसरी बस. तिच्या घराण्यात सायन्सला गेलेली ती पहिलीच. कॉलेजात ती पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, तेही विचारलं तरच. सर मोबाइल बघत असले की ती धडा वाचत बसायची, ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारत. मला तिच्या त्या शांतपणाचाही राग यायचा.

हजेरीचं तर विचारूच नका. सर क्लासवाल्यांची हजेरी एका दमात लावून टाकायचे, आमची दोघींची तेवढी बघून. अकरावीत मला ताप आला आणि मी दोन दिवस गेले नाही. सत्राच्या शेवटी नोटीस बोर्डावर हजेरी लागली, तेव्हा ज्यांचं तोंडही आम्ही तासाला पाहिलं नव्हतं त्यांची पूर्ण भरली होती आणि माझी कमी. मी तणतणत सरांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, पण तू खरंच आली नव्हतीस ना?" त्यांना यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. रिकाम्या वर्गात गैरहजर राहायची सोय नव्हती ती फक्त आम्हालाच.

बारावीचा पहिलाच धडा गोल फिरणाऱ्या वस्तूंचा. मी तो घरी चार वेळा वाचला. मोबाइलवर व्हिडिओ बघ, असं सांगणारे पुष्कळ भेटले. बघितले. पण व्हिडिओला मध्येच थांबवता येतं, "हे कसं काय आलं?" असं विचारता येत नाही. शेवटी मी पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सर फिरत्या खुर्चीत बसून चहा पीत होते.

"सर, मला यातलं काहीच कळत नाहीये. वर्गात शिकवाल का?"

सर वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायलाच हवं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "एक काम कर. संध्याकाळी शांती नगरातल्या त्या क्लासला मी हेच शिकवतो. मागे येऊन बसत जा. फी-बी काही नको. फक्त कुणाला बोलू नकोस."

आईला हे कळलं तेव्हा तिचे डोळेच भरून आले. "देवमाणूस गं," ती म्हणाली. "जा तू. आपलं काय जातंय?"

मी गेले. तिसरा मजला, काचेचा दरवाजा, मागचं बाक. सर आले, आणि हे सर मी कधी पाहिलेच नव्हते. बाह्या सरसावून आले. त्यांनी एका मुलाला फिरत्या खुर्चीत बसवलं, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दिल्या, हात लांब करायला सांगितले आणि खुर्ची फिरवली. "अब हाथ अंदर ले." त्याने हात छातीशी घेतले आणि खुर्ची गर्रकन वेगात फिरायला लागली. वर्ग हसला. सरांनी खडू उचलला आणि ते का झालं हे पायरी पायरीने फळ्यावर उतरवत गेले. मध्ये थांबून विचारत होते, "समझा? पीछेवाले?" ज्यावर मी आठवडेच्या आठवडे डोकं फोडलं होतं ते मला तासाभरात कळलं. इतकं कळलं की मला आनंद झाला, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. तोवर मी मनाची समजूत घातली होती की या माणसाला शिकवताच येत नाही. येत नसतं तर मी माफ केलं असतं. फिरती खुर्ची कॉलेजातही होती. पाण्याच्या बाटल्या तर आम्ही दोघी रोज आणायचो.

सकाळी वर्गात सरांनी मला विचारलं, "काल झालं ना तुझं? छान." मग चेण्याच्या मुलीकडे हात करून म्हणाले, "आता तू हिला सांग. तुला येतंय." आणि निघून गेले. म्हणजे मला संध्याकाळी फुकट बसवून सरांनी आपली सकाळही मोकळी करून घेतली होती. चेण्याची मुलगी संध्याकाळी थांबू शकत नव्हती. उशिराच्या बसचा भरवसा नव्हता, आणि बस मिळाली तरी फाट्यावरून घरापर्यंतचा रस्ता अंधाराचा.

मग मी शिकवू लागले. रोज संध्याकाळी ऐकायचं, सकाळी तिला सांगायचं. मला अर्धं आलेलं तिला पाव पोचायचं. ती एखादा नेमका प्रश्न विचारायची आणि मी वहीची पानं उलटत राहायचे. "असू दे," ती म्हणायची. असू दे कसं? ती दोन बस बदलून माझ्याकडून शिकायला येत नव्हती.

एके दिवशी मी फळ्यापाशी असताना प्रिन्सिपल मॅडम वर्गावरून चालल्या होत्या. थांबल्या, आत आल्या, आणि कौतुकाने आमचा फोटो काढला. "किती छान! एकमेकींना शिकवताय! असंच पाहिजे."

मी खडू खाली ठेवला. "मॅडम, हा फिजिक्सचा तास आहे. सर स्टाफरूममध्ये आहेत. शिकवायला त्यांना पाठवा ना."

मॅडमचं हसू गेलं. मोबाइल पर्समध्ये टाकून त्या तशाच बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी क्लासच्या वॉचमनने मला जिन्यातच अडवलं. "सर ने मना किया है, बेटा. आपका नाम नहीं है." माझ्या बाजूने मुलं भराभरा वर जात होती. मी खाली रस्त्यावर येऊन उभी राहिले आणि भर बाजारात रडले. रडताना स्वतःचाही राग आला. आई घरी म्हणाली, "तोंड बंद ठेवता येत नाही तुला." बाबा अर्ध्या ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात तासाला आले. मोबाइल खिशातच राहिला. त्यांनी दाणकन डस्टर आपटलं आणि शिकवायला सुरुवात केली, आमच्याकडे न बघता, भरभर. रागाने शिकवत होते, तरी कळत होतं. मला तर आणखीच चीड आली, इतकं सोपं होतं ते. तास संपताना ते माझ्याकडे वळले. "तुझ्यावर उपकार केले आणि तू माझीच तक्रार केलीस."

"सर, सकाळचा पगार घेता ना तुम्ही?" मी म्हणाले. चेण्याच्या मुलीने बाकाखालून मला चिमटा काढला.

सरांचा चेहरा लाल झाला. ते पुस्तक उचलून दाराकडे निघाले, तेवढ्यात ती उभी राहिली. घाईत घरचीच बोली तोंडात आली. "सर, उद्या तुमी येनार हाय का न्हाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. उद्या पहाटे उठून निघायचं की नाही, ते तिला ठरवायचं होतं. माझ्या एवढ्या आरडाओरड्याने जे झालं नाही ते त्या प्रश्नाने झालं. सरांना तिच्याकडे बघता येईना. "येईन," ते दाराकडे बघत म्हणाले.

आले. दिवाळीपर्यंत जवळजवळ रोज आले. मग क्लासमध्ये सराव परीक्षा सुरू झाल्या आणि सर आठवड्यातून एकदा यायला लागले, मग तेही बंद झालं. मॅडमना पुन्हा सांगितलं, तर म्हणाल्या, "आता तुमचा अभ्यास तुम्हीच करायचा असतो, बारावी आहे." शेवटचे धडे आमचे राहिले ते राहिलेच.

बोर्डाच्या परीक्षेत फिजिक्सच्या पेपरला मात्र वर्ग भरला. सगळे आले होते. शेवटच्या धड्यांवरचे प्रश्न मी दोनदा वाचले आणि मान वर केली. सगळीकडे पेनं भराभर चालली होती. फक्त पलीकडच्या रांगेत चेण्याची मुलगी पेन खाली ठेवून पेपरकडे बघत बसली होती. पेपर सगळ्यांना एकच होता. आम्ही दोघींनी त्या प्रश्नांची पानं कोरी सोडली.