सारवलेल्या जमिनीवरचा रपटा

भामरागडकडच्या जंगलात ओव्हरसियर म्हणून मला पहिलं काम मिळालं, ते नदीवरच्या रपट्याचं, म्हणजे ठेंगण्या पुलाचं. पावसात ती नदी भरली की पलीकडे जायची सोय नसे. बायकोला तेव्हा सातवा महिना होता. रपटा मृगाआधी झाला, तर आषाढ लागेपर्यंत ती माझ्याजवळ राहू शकत होती. नाहीतर पात्र कोरडं आहे तोवरच तिला वडशाला, माहेरी पाठवायला हवं होतं. इथं दवाखाना नव्हता.

मी वहीत हिशेब मांडला. खदानीतून गिट्टी आणायला दहा बैलबंड्या, प्रत्येकीच्या दिवसाला तीन खेपा. रपटा मृगाआधी आठ दिवस पुरा होत होता. डिप्लोमा नवा असल्यामुळे मी ते तिला जरा ऐटीतच वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "तुमच्या वहीतले बैल कधी बसतच नाई का जी?"

मी सरासरी समजावू लागलो. तिनं ऐकून घेतलं, आणि दुपारी काम बंद असताना सारवलेल्या जमिनीवर खडूनं खदानीची वाट आखली. चिंचोके म्हणजे बंड्या. प्रत्येक वळणावर सहा कवड्या टाकायच्या. तीन तरी उताण्या पडल्या तर बंडी पुढं, नाहीतर आस मोडला किंवा बैल बसला. वाट एका बंडीपुरतीच होती, त्यामुळे एक अडली की मागच्या साऱ्या उभ्या. माझ्या वहीत हे उभं राहणंच नव्हतं.

एक डाव म्हणजे एक दिवस. तीस खेपा एकदाही झाल्या नाहीत. कधी बावीस, कधी अठरा.

"ही कवडी कलली होती, पुन्हा टाक," मी म्हणालो.

"कवडी बराबर हाये," ती म्हणाली. "तुमीच खोटं खेळून राह्यले."

खरंच खेळत होतो. ती जाऊ नये म्हणून मला वहीच खरी ठरवायची होती. तीन दुपारी आम्ही खेळलो. रपटा दर वेळी मृगाच्या पुढंच गेला. चौथ्या दिवशी मी वही मिटली आणि बंडी जुंपायला सांगितली. ती जिंकली होती, तरी बंडीत बसताना तिचे डोळे भरून आले. तिलाही हरायचंच होतं, हे मला तेव्हा कळलं.

नदी आली तेव्हा रपट्याचे दोन गाळे बाकी होते. महिनाभर टपाल बंद. पाणी उतरल्यावर तिच्या भावाचं कार्ड आलं. मुलगी झाली होती. बाळंतपणात बाई दोन दिवस अडली, दवाखान्यात न्यावं लागलं, आता दोघी बऱ्या आहेत.

मी ते अर्धवट रपट्यावर उभ्या उभ्या वाचलं. मग तिथंच खाली बसलो आणि सगळ्या मजुरांसमोर रडलो.