पान लागलं तेव्हा

आमच्या गावात पान या शब्दाला किती कामं! उन्हाळ्यात बाया 'पानाले' गेल्या म्हणजे तेंदूची पानं तोडायला जंगलात गेल्या. पंगतीत पान वाढायचं, पाहुण्याला पान लावून द्यायचं. आणि कुणाला साप चावला की, तो शब्द तोंडातून काढायचा नाही, 'पान लागलं' म्हणायचं. नाव घेतलं तर विष चढते म्हणे. मग त्या माणसाच्या तोंडात कडूनिंबाची पानं कोंबायची. कडू लागली तर भेव नाही. लागली नाहीत तर विष चढलं. सारं गाव या परीक्षेवर निर्धास्त होतं.

सत्तरचं दशक सरत आलेलं. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. रोवणा ऐन भरात होता. आम्ही बाया बांधीच्या चिखलात वाकून धान रोवत होतो आणि आमचे हे उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या आणून देत होते. बांधावरची पेंढी उचलली आणि हे मटकन खाली बसले. पायाला दोन ठिपके.

"पान लागलं वो!" कुणीतरी ओरडलं. बाया काम टाकून धावल्या. पायाला दोरी आवळून यांना घरी आणलं. पाला देणारे म्हातारे बुवा आले, मूठभर निंब तोंडात घातला.

"कडू लागते काय?"

यांनी चावलं, गिळलं. "लागते. लय कडू."

सासूबाईंनी देवाला हात जोडले. "निजू द्या त्याले," म्हणून बुवा उठले. बाया परत बांधीकडे निघाल्या. मी मात्र यांच्या तोंडाकडेच पाहत होते. अहो, हा माणूस कारल्याच्या भाजीलाही नाक मुरडायचा! पाडव्याला निंबाची दोन पानं खाताना तोंड असं वाकडं करायचा की मला हसू आवरायचं नाही. आज मूठभर खाल्ला आणि कपाळाला आठी नाही. वरून पापण्या जड होऊन मिटत होत्या.

"हे खोटं बोलून राहिले," मी म्हटलं.

"कायले अभद्र बोलून राहिली वो?" सासूबाई डाफरल्या. "त्याच्याच तोंडानं सांगतलं ना त्यानं?"

मी कुणाचं ऐकलं नाही. चिखलानं भरलेल्या लुगड्यानिशी दिराला बैलबंडी जुंपायला लावली. सडक येईपर्यंत यांना झोपू दिलं नाही. गालावर चापट्या मारल्या, नवऱ्याच्या! लोकलाज गेली चुलीत. भंडाऱ्याची एसटी मिळाली तेव्हा यांना हाका ऐकू येत नव्हत्या.

दवाखान्यात सुया टोचल्या, नळ्या लावल्या. मी खाटेपाशी बसून यांची छाती वरखाली होते की नाही तेवढंच पाहत होते.

मग एका सकाळी यांनी डोळे उघडले. पहिला शब्द काय, तर "रोवणा झाला काय?"

"ते राहू द्या. निंब कडू लागत नव्हता ना? मंग लागते काहून म्हनलं?"

"नव्हता लागत," हे हळूच म्हणाले. "पन बाया काम सोडून आल्या होत्या. पऱ्हे उपटून ठेवले होते, सुकून गेले असते. सालभराचं धान होतं वो."

मला रडू फुटलं आणि असा संताप आला की हात उगारला गेला.

"आन तुमी गेले असते, तं ते धान रांधून कोनाले वाढलं असतं मी?"