कानबाईची पाठ

कुंदाबाईला शेजारणी विचारायच्या, "तुझा नवरा करतो तरी काय गं?" ती सांगायची, "कोणाला दिसत नाही ते रंगवतो." बायका हसायच्या. कुंदाबाई हसत नसे. जिचं जळतं तिलाच कळतं.

चुडामण पारोळ्यातला पेंटर. दुकानाच्या पाट्या लिहायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा. हात असा, की पाटीवरची जिलबी बघून पोरं रडायची. पण काम वेळेवर होईल तर शपथ! एकदा कोणाची तरी ट्रॉली आठ दिवस अडवून धरली. का, तर ट्रॉलीच्या पोटाखाली, जिथे चिखल आणि मेकॅनिक यांच्याशिवाय कोणी जात नाही, तिथे हा मोर काढत बसला होता. गिऱ्हाईक कपाळाला हात लावून म्हणालं, "अरे, खालून कोण बघणार?"

हा म्हणाला, "रस्ता बघेल ना."

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर आला. जळगावला मेहरूणमध्ये एका स्टुडिओवाल्याकडे तीन महिने राहून शिकला आणि येताना त्याचाच जुना कॉम्प्युटर घेऊन आला. लग्नाच्या कॅसेटी करायच्या, नवरानवरीची नावं सोन्याच्या अक्षरात फिरवायची, असा बेत. वर्ष झालं. नावं फिरली दोनदा, कुंदाबाईचं डोकं रोज.

चुडामणचा मोठा भाऊ अभिमन आबा. घरातला कर्ता, शेती तोच बघायचा. त्याने नरडाण्याच्या एका कारखान्यात धाकट्यासाठी शब्द टाकला आणि सत्त्याण्णव सालच्या श्रावणात अर्जाचा कागद घेऊनच दारात उभा राहिला.

"चुडामण, रविवारे कानबाई बसस. बठ्ठा भाऊबंद जमतीन. त्यास्ले दखाड तू वरीसभर काय करस ते. नही जमनं तं सोमवारे नरडाणानी गाडी धर."

कागद घडी करून आबाने खिशात ठेवला. रविवारपर्यंत कागद तिथेच राहणार होता.

जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, बोलायची रीत नाही. कुंदाबाईने पदर पुढे ओढला आणि चुलीपाशी बसलेल्या सासूला, तानुबाईला सांगितलं, "सासूबाई, आबांना सांगा, दाखवतील ते." सासू चार हातांवर, आबा पाच हातांवर. आबाला सगळं ऐकू गेलं, तरी सासूने निरोप दिलाच.

कुंदाबाईला नवऱ्याचा कंटाळा आला होता हे खरं, पण नरडाण्याची भीती त्याहून मोठी होती. मागे एकदा चुडामण जिनिंगमध्ये पंधरा दिवस कामाला गेला होता. त्या पंधरा दिवसांत त्याने भिंतीवर एक रेघ ओढली नाही, भाजीत मीठ नव्हतं तरी तक्रार केली नाही. बोलणारा नवरा छळतो, पण मुका झालेला नवरा भिववतो.

चुडामणने ठरवलं, श्रावणात घरोघर मांडतात ती कानबाई देवीच कॉम्प्युटरवर घडवायची. आठ सेकंदांचं चित्र, त्यात देवी गोल फिरेल. ऐकायला किती सोपं! कॉम्प्युटरच्या पोटात आधी देवी घडवायची, दागिने घालायचे, दिवे लावायचे. मग ते यंत्र एकेक चित्र स्वतः काढणार. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे आठ सेकंदांना दोनशे. आणि एक चित्र काढायला त्या यंत्राला अर्धा तास लागायचा.

त्यात लाइट. श्रावणातलं वारं सुटलं की तार झुलायची आणि लाइट जायची. जोडीला यूपीएस नावाची बॅटरीची पेटी होती. लाइट गेली की ती टूं टूं करत कॉम्प्युटरला दहा मिनिटं तगवायची आणि मान टाकायची. अर्धं झालेलं चित्र पुसलं जायचं. लाइट आली की तेच चित्र पुन्हा पहिल्यापासून. गुरुवार सकाळपर्यंत दोनशेतली एकोणीस चित्रं झाली होती.

"एकोणीस!" कुंदाबाई म्हणाली. "अहो, एवढ्या दिवसांत कोंबडीनं पिल्लं काढली असती."

"बॅटरी छोटी शे," चुडामण म्हणाला.

"बॅटरी छोटी नाही, तुमचा पसारा मोठा."

तिने रागारागात टेबलावरचं सामान पुसायला घेतलं. कॉम्प्युटरच्या खालच्या पेटीला हात लागला, ती कोमट होती. वरच्या काचेच्या डब्याला लागला, तो तव्यासारखा तापलेला. हात झटकत ती म्हणाली, "हा कशाला जळतोय?"

"तो पडदा. त्याच्यावर दिसतं."

"चित्र तो काढतो?"

"नाही. काढते खालची पेटी."

"मग याचं काय काम? जे तापतं ते खातं. चुलीपुढे तीस वर्षं बसले, एवढं कळतं मला. बंद करा."

चुडामणने पडदा बंद केला. त्या दुपारी लाइट गेली तेव्हा बॅटरी दहाच्या जागी पंचवीस मिनिटं टिकली. तो घड्याळाकडे बघत राहिला. काळा पडदा बघून तानुबाईला वाटलं, यंत्र बंदच आहे, आणि ती बटण दाबायला निघाली. कुंदाबाईने धावत जाऊन कपाळाची टिकली काढली आणि बटणावर चिकटवली. "सासूबाई, टिकली आहे तोवर हात लावायचा नाही. सवाष्ण आहे ती!"

पण पंचवीस मिनिटांच्या बॅटरीत अर्ध्या तासाचं चित्र मावेना. पुन्हा कपाळमोक्ष.

शुक्रवारी तानुबाईने फडताळातून कानबाईचा नारळ खाली काढला. घराण्याचा जुना नारळ. दरवर्षी त्याचे डोळे, नाक, नथ नीट करायची आणि रविवारी पाटावर मांडायचा. कुंदाबाई नारळ हातात धरून बसली, सासू नथीची तार पिळत होती. समोरून देवी कशी लखलखीत! कुंदाबाईने नारळ सहज फिरवला. मागे नुसती शेंडी, तारांच्या गाठी आणि गेल्या वर्षीचं मेण.

"सासूबाई, मागून काहीच नाही?"

"मांगून कोन देखस वं? कानबाई भितडाले पाठ लाईसन बसस."

नारळ तसाच घेऊन कुंदाबाई आतल्या खोलीत गेली. "तुमच्या देवीच्या पाठीवर काय काय आहे हो?"

चुडामण अभिमानाने म्हणाला, "बठ्ठं शे. अंबाड्यात वेणी, वेणीत फुलं. कलशाच्या आत पाणीही शे."

"कलशाच्या आत?"

"देवीला रिकामा कलश ठेवायचा?"

कुंदाबाई खालीच बसली. मग तिने नारळ त्याच्या नाकासमोर उलटा धरला. "ही बघा घराण्याची देवी. आजेसासूपासून सगळ्या हिच्या पाया पडल्या, कोणी मागे जाऊन बघितलं नाही. कानबाई कधी गरगर फिरते का? आपण तिच्यासमोर जातो. आणि दिवे किती लावलेत?"

"चौदा."

"घरात समया दोन. तुमच्या यंत्राच्या बापाची दिवाळी आहे?"

चुडामण यंत्रापुढे सरकला. मग त्याने वेणी काढली, पाणी काढलं, बारा दिवे विझवले. प्रत्येक वेळी "पाप लागी," म्हणत होता आणि कुंदाबाई म्हणत होती, "माझ्या नावावर लिहा." देवी स्थिर बसली. चित्र चार मिनिटांत झालं.

आता त्याचं स्वतःचं डोकं चाललं. देवी हलत नाही, तर तिचं चित्र एकदाच पुरे. हलते ती समईची ज्योत. ज्योतीपुरता इवलासा चौकोन नव्याने काढायचा आणि स्थिर चित्रावर बसवायचा. ज्योत तरी दरवेळी नवीन कुठे हलते? पंचवीस चित्रं काढायची, तीच फिरवत ठेवायची, मग आठ सेकंद काय नि तासभर काय. एकेक चौकोन मिनिटात निघाला. शनिवारी जेवणं होण्याआधी सगळं कॅसेटवर उतरलं. मधे लाइट तीनदा गेली, चित्र एकही पुसलं नाही.

"आठ दिवस मेल्याहून मेलं केलंत," कुंदाबाई म्हणाली, "आणि काम दुपारभराचं!"

रविवारी रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू दळून झाले होते, भाऊबंदांनी ओटा भरला होता. चुडामणने टीव्ही लावला. पडद्यावर कानबाई बसली. नथ चमकली. समईची ज्योत हलली. भाऊबंदांतली म्हातारी भागाबाई हात जोडून उठली, आणि कोणी अडवायच्या आत तिने टीव्हीच्या काचेला हळदकुंकू लावलं.

चुडामण कुंदाबाईच्या कानाशी पुटपुटला, "पाठ मोकळी शे तिनी."

"रस्ता बघतोय का मागून?" ती दातओठ खात म्हणाली.

अभिमन आबा टीव्हीजवळ सरकून ज्योत निरखू लागला. मग त्याने विचारलं, "चुडामण, हाऊ दिवा कितला येळ जळस?"

"लाइट शे तवपावत, भाऊ."

बोलायला आणि लाइट जायला एकच गाठ. टीव्ही फट्कन काळा झाला, डोक्यावरचा पंखा थांबला. पाटावरच्या दोन समया तेवढ्या जळत राहिल्या. सगळे खो खो हसले. कुंदाबाईने पदर पुढे ओढला आणि त्याच पदराआड लाइटवाल्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या देवीपुढे सांगण्यासारख्या नाहीत.

आबा हसला नाही. ओट्यावर माणसं दाटलेली, हवा बंद. त्याने गळ्याशी सदरा सैल केला, खिशात हात घातला, नरडाण्याचा कागद काढला आणि तोंडाजवळ धरून वारा घ्यायला लागला.

"लाइट उनी की परत लाव," तो म्हणाला. "धुळेना पाव्हना अजून येवाना शेतस."

कुंदाबाई त्या कागदाकडे बघत राहिली. घामाच्या हातात तो मऊ पडत चालला होता, कोपऱ्याकडून फाटला होता. तिने सासूकडे तोंड केलं.

"सासूबाई, आबांना सांगा, घरात पुठ्ठा आहे. पण वारा त्याच कागदाचा चांगला लागतोय, तर राहू द्या."