खडकाआडची बाटली

वाळवंटातल्या त्या दरीत उतरताना एका वळणावर, खडकाच्या सावलीत, पाण्याची भरलेली बाटली दिसली. परतीसाठी कुणीतरी ठेवली असणार. गडावर जाताना आम्हीही अशीच ठेवतो, तेवढंच ओझं कमी. पण हिच्यावर धुळीचा थर होता आणि वरचा कागद उन्हाने पांढरा पडला होता.

"दुसऱ्या वाटेने वर गेला असेल," बायको म्हणाली.

वर, दरीच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवरच्या नकाशात दुसरी वाट नव्हती.

गड आधी दमवतो, मग खाली सोडतो. दरीचं उलटं असतं. ती लाडाने खाली नेते, पाय कुरकुरत नाहीत, आणि सगळा चढ शेवटी, भर उन्हात, पुढ्यात टाकते. बाटली ठेवणाऱ्यालाही या वळणावर हलकंच वाटलं असेल. मला वाटत होतं तसंच.

आमचं पाणी अजून बरंच होतं, तरी आम्ही तिथूनच मागे फिरलो.

निघताना बायको थबकली. ऊन सरकत बाटलीपर्यंत आलं होतं. तिने ती उचलली, ओढणीने पुसली आणि आत सावलीत ठेवली.

"तापायला नको," एवढंच म्हणाली.